साहेबाचा कप कोण विसळतो?

आपल्या वस्त्यांमधली मुले-मुली आता परदेशात जाऊ लागली आहेत. कोणी शिष्यवृत्तीवर, कोणी कंपनीच्या कामावर, कोणी परिचारिका म्हणून, तर कोणी घर गहाण टाकून एजंटाच्या भरवशावर. ज्यांच्या आजोबांना गावच्या पाणवठ्यावर हात लावता येत नव्हता, त्यांची नातवंडे लंडन, टोरंटो, मेलबर्नच्या विमानतळावर उतरतात, ही साधी गोष्ट नाही. ही मुले सुट्टीवर आली की त्यांच्याभोवती घोळका जमतो. तिकडे थंडी किती, पगार किती, गाड्या वेळेवर येतात का, भाकरीचे पीठ मिळते का, असे प्रश्न होतात. उत्तरेही ठरलेली असतात. तिकडे लोक रांग मोडत नाहीत, रस्त्यावर थुंकत नाहीत, बसमधून उतरताना ड्रायव्हरचे आभार मानतात, मोठा साहेबसुद्धा आपली बॅग आपण उचलतो. आणि या सगळ्याच्या शेवटी एक वाक्य हमखास येते : "तिकडचे लोकच मुळात तसे. आपल्याकडे ते कधी व्हायचे नाही."

माझा आक्षेप या शेवटच्या वाक्याला आहे. पाहिलेले सगळे खरे असते, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा असतो. माणसे मुळातच चांगली आणि मुळातच वाईट असतात, असे एकदा मान्य केले की जन्मावरून गुण ठरवणाऱ्या विचारसरणीला आपणच दार उघडून देतो. मनुस्मृतीचा सगळा डोलारा याच कल्पनेवर उभा आहे. म्हणून परदेशातील ज्या गोष्टींनी आपण चकित होतो, त्या तिथे आल्या कुठून, याची चौकशी आपण वकिलासारखी केली पाहिजे.

कायद्याच्या पुढील शिक्षणासाठी आणि नंतर नोकरीसाठी मी दोन वर्षे लंडनला होतो. इंग्लंडमध्ये 'लॉ सेंटर' नावाची एक चांगली व्यवस्था आहे. पैसे नसलेल्या माणसाला घर, नोकरी, सरकारी मदत यांसंबंधी कायद्याचा सल्ला तिथे मिळतो. असे पहिले केंद्र १९७० साली लंडनच्या नॉर्थ केन्सिंग्टन भागात सुरू झाले. मी ज्या लहानशा केंद्रात काम केले तिथे आठ-दहा माणसे होती. स्वयंपाकघरवजा एका खोलीत चहाची किटली, कप आणि भिंतीवर चिकटवलेला एक कागद. त्या कागदावर कोणत्या आठवड्यात कप-बशा कोणी विसळायच्या आणि ओटा कोणी पुसायचा याची पाळी लिहिलेली. त्यात पहिले नाव केंद्राच्या संचालकबाईंचे होते आणि त्यांच्या पाळीच्या आठवड्यात त्या बाह्या सारून ते काम करीत. त्यांना 'मॅडम' म्हणायचे नाही, नावानेच हाक मारायची, असा तिथला रिवाज. आपल्याकडच्या जिल्हा न्यायालयात दहा वर्षे वकिली केलेल्या माणसाला वरिष्ठाला नुसत्या नावाने हाक मारताना जीभ अडखळते. मला तर महिनाभर ते जमले नाही.

संध्याकाळी संडास आणि फरशी साफ करायला पोलंडहून आलेली एक बाई येत असे. ती त्याच खोलीत, त्याच टेबलावर बसून, त्याच कपातून चहा पिई आणि संचालकबाईंना त्यांच्या नावाने हाक मारी. तिचे आडनाव काय, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. कळायची गरजही कोणाला वाटली नाही. पण एक गोष्ट कळली. तिच्या आईने हे काम कधी केले नव्हते आणि तिची मुलगी हे करणार नव्हती. ती नर्सिंग शिकत होती. झाडू तिच्या हातात होता, पण तो तिच्या रक्तात आहे असे कोणी समजत नव्हते.

आता आपली कार्यालये आठवा. टेबलावर घंटी असते. पाण्याचा ग्लास हाताच्या अंतरावर असला तरी घंटी वाजते आणि शिपाई येतो. साहेबाचा कप निराळा, बाबू लोकांचे निराळे, आणि सफाई कामगाराचा कप खिडकीच्या कोनाड्यात पालथा घातलेला. चहाच्या टपरीवरची वेगळी कपबशी कायद्याने गुन्हा ठरली, ती कार्यालयाच्या कोनाड्यात जाऊन बसली. कोणी विचारले तर सांगतात, "त्याचा त्यालाच आवडतो."

मग इंग्रज माणूस जन्मतःच समतावादी आहे काय? मुळीच नाही. याच इंग्रजांची हिंदुस्थानातील राहणी पाहा. खडकीच्या किंवा पुण्याच्या कॅम्पातल्या बंगल्यात एका साहेबाच्या दिमतीला खानसामा, आया, भिस्ती, पंखेवाला, धोबी, माळी, सईस आणि मागच्या दाराने येणारा मेहतर असे. आपल्या देशात बूट काढायला माणूस ठेवण्याची ऐपत नसलेला गोरा इथे आला की पंख्याची दोरी ओढायलाही माणूस ठेवी. जातीची उतरंड त्याने निर्माण केली नव्हती, पण ती त्याच्या सोयीची होती आणि ती त्याने वापरली. माणूस तोच असतो. भोवतालची व्यवस्था बदलली की त्याची वागणूक बदलते.

खुद्द इंग्लंडातील परिस्थिती काय होती? १९११ च्या सुमारास तिथे दहा लाखांहून अधिक स्त्रिया दुसऱ्यांच्या घरी मोलकरणी म्हणून राबत होत्या. पहाटे उठून शेगड्या पेटवायच्या, तळघरात राहायचे, मागच्या जिन्याने ये-जा करायची. पुढे दोन महायुद्धे झाली. कारखाने, कचेऱ्या, दुकाने, रुग्णालये यांत स्त्रियांना दुसरी कामे मिळाली. तिथे पगार बरा होता आणि संध्याकाळनंतरचा वेळ स्वतःचा होता. मोलकरणी मिळेनाशा झाल्या, तेव्हा साहेब आणि मडम आपला कप आपण विसळायला शिकले. यात साहेबाचा मोठेपणा थोडा आणि मोलकरणीला मिळालेला पर्याय मोठा आहे. राबणाऱ्याला दुसरा मार्ग मोकळा झाला की वरचा माणूस आपोआप सुधारतो. जात ही केवळ कामाची नव्हे तर काम करणाऱ्या माणसांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले, त्याचा अर्थ इथे स्पष्ट होतो. आपल्याकडे दुसरा मार्गच बंद केलेला होता.

त्याला जोड कायद्याची. इंग्लंडमध्ये राष्ट्रीय किमान वेतनाचा कायदा १९९८ साली झाला आणि १ एप्रिल १९९९ पासून तासाला ३.६० पौंड हा दर लागू झाला. एप्रिल २०२५ मध्ये एकवीस वर्षांवरील कामगारांसाठी तो १२.२१ पौंड करण्यात आला. माणसाच्या तासाला किंमत आली की उठसूट घंटी वाजवणे परवडत नाही. ज्याला आपण 'तिकडची संस्कृती' म्हणतो, तिच्या मुळाशी असा पगाराचा हिशेब असतो.

गटारांचे उदाहरण तर आपल्या काळजाला भिडणारे आहे. आपल्या देशात आजही माणूस कमरेला दोरी बांधून मॅनहोलमध्ये उतरतो आणि विषारी वायूने गुदमरून मरतो. लंडनच्या जमिनीखालीही मोठमोठी गटारे आहेत. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीच्या दुर्गंधीने पार्लमेंटचे कामकाज चालणे कठीण झाले, तेव्हा जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याकडून ती बांधून घेण्यात आली. म्हणजे दुर्गंधी राज्यकर्त्यांच्या नाकापर्यंत पोहोचली तेव्हाच पैसा मंजूर झाला! आज तिथल्या बंदिस्त जागेतील कामासाठी १९९७ चे स्वतंत्र नियम आहेत. शक्य असेल तिथे माणसाला आत उतरवायचेच नाही. उतरवणे भागच पडले तर आधी सुरक्षित पद्धत ठरवायची आणि त्याला बाहेर काढण्याची तयारी आधी करायची, मगच तो उतरणार. त्यामागे १९७४ चा कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचा कायदा आहे आणि तो मोडणाऱ्या मालकावर फौजदारी खटला होतो.

हेही तिथे सुखासुखी झाले नाही. इंग्लंडात एके काळी घरांची धुराडी साफ करण्यासाठी लहान मुलांना आत चढवीत. पाच-सहा वर्षांची गरिबांची, अनाथाश्रमातली पोरे. चिंचोळ्या धुराड्यात अडकून किंवा काजळीने गुदमरून ती मरत. या मुलांसाठी पहिला कायदा १७८८ साली झाला. तो कोणी पाळला नाही. १८३४ साली दुसरा झाला. १८४० साली तिसरा झाला, त्यात एकवीस वर्षांखालील कोणालाही धुराड्यात चढवायला बंदी घातली. तरी घरमालक पोरांनाच बोलावीत. १८६४ साली पुन्हा दुरुस्ती झाली. अखेर १८७५ च्या फेब्रुवारीत जॉर्ज ब्रूस्टर हा जेमतेम अकरा-बारा वर्षांचा मुलगा केंब्रिजजवळच्या एका धुराड्यात मेला. त्याच्या मालकाला सक्तमजुरीची शिक्षा झाली आणि त्याच वर्षी लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्या प्रयत्नाने नवा कायदा झाला. त्यात धुराडे साफ करणाऱ्या प्रत्येक कंत्राटदाराला पोलिसांकडून परवाना घेणे सक्तीचे झाले आणि कायदा मोडला तर परवाना जाऊ लागला. तेव्हा कुठे ती प्रथा बंद पडली. पहिल्या कायद्यापासून सत्त्याऐंशी वर्षे लागली!

आता आपल्याकडचा हिशेब मांडा. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध पहिला केंद्रीय कायदा १९९३ साली झाला. दुसरा २०१३ साली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर निकाल देताना गटारात मेलेल्या प्रत्येक कामगाराच्या कुटुंबाला दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २०२३ साली बलराम सिंह प्रकरणात ही रक्कम तीस लाख केली आणि ही प्रथा पूर्णपणे थांबवण्याचे निर्देश सरकारांना दिले. कायदे आहेत, निकाल आहेत. पण कंत्राटदाराला तुरुंगात पाठवल्याची उदाहरणे शोधावी लागतात. १८४० च्या इंग्लंडात आणि आजच्या भारतात हेच साम्य आहे. फरक एवढाच की तिथे धुराड्यात मरणारा मुलगा गरीब म्हणून मरत होता. आपल्याकडे गटारात मरणारा माणूस कोणत्या जातीचा आहे हे पंचनामा वाचण्याआधीच सर्वांना माहीत असते, आणि म्हणूनच समाजाची झोप मोडत नाही.

इतके सांगितल्यावर कोणी समजेल की इंग्लंड म्हणजे स्वर्ग. तसे अजिबात नाही. खोली भाड्याने शोधताना मी एका घरमालकाला फोन केला, तेव्हा त्याने इंग्रजीतून गोड आवाजात "या की" म्हटले. दारात उभा राहिल्यावर माझा चेहरा पाहून खोली "आत्ताच गेली" असे सांगितले. आठवडाभराने खोलीची तीच जाहिरात त्याच दुकानाच्या काचेवर लागलेली होती. फरक एवढाच होता की मी ज्या केंद्रात काम करीत होतो, तिथे अशा वागणुकीविरुद्ध काय करता येते याची छापील पत्रके सहा भाषांत ठेवलेली होती.

ती पत्रकेसुद्धा कोणी दान म्हणून दिली नाहीत. ब्रिस्टल शहरातील १९६३ चा लढा आपल्या कार्यकर्त्यांनी जरूर समजून घ्यावा. तिथल्या बस कंपनीत काळ्या आणि आशियाई माणसांना ड्रायव्हर-कंडक्टर म्हणून घेत नसत. विशेष म्हणजे कामगार संघटनेच्या स्थानिक शाखेनेच १९५५ साली तसा ठराव केलेला होता. लाल झेंड्याखालीही माणूस रंग विसरत नाही, हे आपल्याला मुंबईच्या गिरण्यांतील विणखात्यावरून आधीच माहीत आहे. पॉल स्टीफन्सन या तरुण कार्यकर्त्याच्या पुढाकाराने ३० एप्रिल १९६३ रोजी बसवर बहिष्कार पुकारण्यात आला. चार महिने तो चालला. २८ ऑगस्ट १९६३ रोजी कंपनी नमली आणि रंगभेद संपवण्याची घोषणा केली. त्याच दिवशी तिकडे वॉशिंग्टनमध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग लाखोंच्या सभेपुढे बोलत होते. सप्टेंबरमध्ये ब्रिस्टलला पहिला बिगरगोरा कंडक्टर रुजू झाला. त्याचे नाव रघबीर सिंग. पुढे १९६५ साली वंशभेदाविरुद्धचा पहिला कायदा झाला, पण तो सार्वजनिक ठिकाणांपुरता होता. नोकरी आणि घर या गोष्टी १९६८ च्या कायद्यात आल्या. १९७६ साली तो आणखी कडक झाला आणि शेवटी सगळे एकत्र करून २०१० चा समता कायदा आला. आज लंडनच्या बसमध्ये पगडीधारी ड्रायव्हर पाहून आपली मुले कौतुक करतात. त्या ड्रायव्हरच्या मागे हा सगळा इतिहास बसलेला असतो, तो दिसत नाही.

आणखी एका गोष्टीने मी चकित झालो. नोकरीच्या अर्जावर तिथे फोटो लावत नाहीत, जन्मतारीख सहसा विचारत नाहीत आणि वडिलांच्या नावाचा तर प्रश्नच येत नाही. पण अर्जासोबत एक वेगळा कागद येतो. त्यावर तुमचा वंश कोणता, असे विचारलेले असते. उत्तर देणे ऐच्छिक. हा कागद निवड करणाऱ्यांकडे जात नाही. किती काळ्यांनी अर्ज केले, किती आशियाई निवडले गेले, वरच्या जागांवर किती पोहोचले, हे मोजण्यासाठी तो ठेवतात. १९९१ च्या जनगणनेपासून ब्रिटनमध्ये वंशाचा प्रश्नच विचारला जातो. मोजल्याशिवाय भेदभाव सिद्ध होत नाही, हे तिथे मान्य झालेले आहे. आपल्याकडे मात्र जातीची मोजणी मागितली की "जातीयवाद वाढेल" असा गळा काढला जातो. जाहिरातीत 'ब्राह्मण वधू पाहिजे' छापताना जातीयवाद वाढत नाही. सरकारी खात्यात किती जागा कोणाकडे आहेत हे विचारले की तो वाढतो! केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी येत्या जनगणनेत जातींची गणना करण्याचा निर्णय जाहीर केला. निर्णय झाला म्हणजे काम झाले असे नाही. कोणते आकडे प्रसिद्ध होतात आणि नोकरी, जमीन, कर्ज यांच्याशी ते जोडले जातात की नाही, याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागेल.

आता सर्वांत कडू अनुभव. दोन वर्षांत एकाही गोऱ्या माणसाने मला आडनावाचा अर्थ विचारला नाही. विचारला तो आपल्याच मराठी माणसांनी. एका दिवाळीच्या मेळाव्यात शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी माझी चौकशी सुरू केली. "आपण कुठले?" विदर्भातला. "विदर्भात कुठले?" अमुक जिल्ह्यातला. "पूर्ण नाव काय म्हणालात?" सांगितले. "शाकाहारी ना?" नाही. "गणपती बसवता का?" नाही. पाच प्रश्नांत त्यांचे काम झाले. चेहऱ्यावरचे हसू तसेच राहिले, पण खुर्ची चार बोटे सरकली. हे गृहस्थ पंचवीस वर्षे इंग्लंडात राहिलेले. कार्यालयात आपला कप आपण विसळणारे, बसड्रायव्हरचे आभार मानणारे. तिथला कायदा ज्या गोष्टींना पोहोचला होता तिथे ते सुधारले होते. जिथे पोहोचला नव्हता तिथे ते होते तसेच राहिले.

कायदा जातीपर्यंत का पोहोचला नाही, हीही एक कहाणी आहे. २०१० च्या समता कायद्यात जात हा वंशाचा भाग मानण्याचा अधिकार मंत्र्यांना देणारे कलम घालण्यात आले. २०१३ साली पार्लमेंटने ते बंधनकारक केले. मंत्र्यांनी जातीचा समावेश केलाच पाहिजे, असे ठरले. लगेच तिथल्या सवर्ण हिंदू संघटना उठल्या. ब्रिटनमध्ये जात नाहीच, हा कायदा हिंदूंची बदनामी करतो, असा प्रचार झाला. जात नाहीच तर तिच्याविरुद्धच्या कायद्याची भीती कशाला, याचे उत्तर कोणी दिले नाही. २०१७ साली सरकारने लोकांची मते मागवली आणि जुलै २०१८ मध्ये जाहीर केले की स्वतंत्र तरतूद करणार नाही, न्यायालयीन निकाल पुरेसे आहेत.

ते निकाल कोणते? बिहारमधून नेलेल्या एका आदिवासी स्त्रीचे प्रकरण त्यांत मुख्य आहे. भारतीय वंशाच्या एका कुटुंबाने तिला घरकामासाठी इंग्लंडला नेले. साडेचार वर्षे ती राबली. तिच्या हाती तासाला फक्त अकरा पेन्स पडत होते आणि तिचा पासपोर्ट मालकांकडे होता. २०१४ साली अपील न्यायाधिकरणाने सांगितले की जातीवरून केलेला भेदभाव काही प्रकरणांत वांशिक मूळ या शब्दांत बसू शकतो. २०१५ साली तिला किमान वेतनाच्या फरकापोटी १,८३,७७३ पौंड देण्याचा आदेश झाला. हा मोठा विजय आहे. पण एका निकालावर विसंबून राहणे म्हणजे प्रत्येक पीडिताने पुन्हा पहिल्यापासून लढणे. अमेरिकेतही तेच चालू आहे. सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला बंदी घातली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसे विधेयक मंजूर केले, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नरांनी ते नाकारले. म्हणजे जात समुद्रापार गेली आहे आणि आपला लढाही तिच्यामागून गेला पाहिजे.

या सगळ्याच्या आधी बाबासाहेब त्या वाटेने गेले होते. १९१३ साली ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, १९१६ साली लंडनला गेले. परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून गेली होती, असे त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये नमूद केले आहे. १९१७ साली बडोद्याला नोकरीवर हजर होताना ती जाणीव परत करून देण्यात आली. शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. पण ते परत परदेशी जाऊन तिथेच स्थायिक झाले नाहीत. १९२० साली पुन्हा लंडनला गेले ते अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी, आणि बॅरिस्टर होऊन आले ते महाडच्या चवदार तळ्यासाठी आणि पुढे संविधानासाठी. लंडनमधील १० किंग हेन्रीज रोड हे त्यांच्या वास्तव्याचे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतले. आपले लोक तिथे जाऊन फोटो काढतात, चांगलेच आहे. पण त्या घरात राहणारा विद्यार्थी तिकडून काय घेऊन आला, याचाही विचार फोटो काढताना व्हावा.

म्हणून परदेशी जाणाऱ्या मुला-मुलींना वकील म्हणून माझे काही सांगणे आहे. नोकरीचा करार, पगाराची चिठ्ठी आणि व्हिसाची कागदपत्रे यांच्या प्रती घरी ठेवा. पासपोर्ट मालकाच्या ताब्यात देऊ नका. नोकरी मिळवून देण्यासाठी लाखो रुपये मागणाऱ्या एजंटापासून दूर राहा. ब्रिटनने वृद्धांची सेवा करणाऱ्या केअर वर्करसाठी परदेशातून नवीन भरती जुलै २०२५ मध्ये बंद केली, हे माहीत नसलेल्या कुटुंबांना अजूनही फसवता येऊ शकते. तिथे गेल्यावर कामगार संघटनेचे सभासद व्हा. ब्रिटनमध्ये नोकरीसंबंधी न्यायाधिकरणात दाद मागायला फी नाही. सरकारने २०१३ साली लावलेली फी युनिसन या कामगार संघटनेने लढून २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाकडून रद्द करून घेतली. पण दाद मागण्याची मुदत थोडी असते, म्हणून अन्याय झाला की दिवस मोजायला लागा. आणि आडनाव लपवू नका. आडनाव लपवणारा आयुष्यभर पाचव्या प्रश्नाची वाट पाहत जगतो.

इथे राहणाऱ्यांनाही काही सांगायचे आहे, आणि ते थोडे झोंबेल. आपल्यातले जे अधिकारी झाले, त्यांच्यापैकी किती जणांच्या टेबलावर आता घंटी आहे? आपल्या घरी चहा झाल्यावर कप कोण उचलते? भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, कपाटात संविधान, आणि दिवसभर कार्यालयात राबून आलेली बायको एकटीच मोरीशी! विहारात कार्यक्रम झाला की भाषण पुरुषांचे आणि भांडी बायकांची, हे किती दिवस चालायचे? विहाराच्या भिंतीवर भांड्यांच्या पाळीचा कागद लावायला कोणत्याही सरकारच्या परवानगीची गरज नाही. त्यात पहिले नाव अध्यक्षांचे लिहा.

दुसरे काम मोठे आहे. आपल्या गावच्या नगरपालिकेत आणि महापालिकेत गटारसफाईचे कंत्राट कोणाकडे आहे, कामगारांना कोणती साधने दिली जातात, गेल्या दहा वर्षांत किती माणसे गेली आणि किती कुटुंबांना न्यायालयाने ठरवलेली रक्कम मिळाली, ही माहिती माहितीच्या अधिकारात मागता येते. अर्जाला दहा रुपयांची फी लागते. प्रत्येक तालुक्यात आपल्या एका वकिलाने आणि चार कार्यकर्त्यांनी हे काम अंगावर घेतले, तर कंत्राटदारावर गुन्हा दाखल करण्याइतका पुरावा हाती येईल. इंग्लंडातील धुराड्यांतून मुले उतरली ती कंत्राटदाराचा परवाना जाऊ लागला तेव्हा. आपल्याकडेही माणूस गटारातून बाहेर येईल तो कंत्राटदार तुरुंगात जाऊ लागेल तेव्हाच. तोपर्यंत परदेशातल्या स्वच्छ रस्त्यांच्या गोष्टी आपण ऐकाव्यात, पण आधी आपल्या गावच्या गटाराच्या कंत्राटाची प्रत मागवावी.